हाताची घडी, तोंडावर बोट

पत्र्यावरचा पाऊस कवितेत छान वाटतो. त्या पत्र्याखाली बसून पाढे म्हणायचे असतील तर बाईंना आणि मुलांना, दोघांनाही घसा फोडावा लागतो. गेल्या जुलैत अशाच एका शाळेत दुसरीच्या वर्गात मी मागे बसले होते. सर आली, पाढ्यांचा आवाज चढला आणि तिसऱ्या रांगेतला एक मुलगा कान गच्च दाबून बाकाखाली शिरला. बाईंनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि वर्गाला नेहमीचा हुकूम सोडला : हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग चिडीचूप झाला. त्याचे हात मात्र कानांवरच होते आणि शर्टाची कॉलर दातांत.

‘हट्टी आहे हो फार,’ मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या. मला बाईंचा राग आला नाही. हट्ट आणि त्रास बाहेरून सारखेच दिसतात.

पंचेंद्रियं आपण पाठ करतो, पण शरीराला आणखी बरंच काही कळत असतं. कानाच्या आतल्या भागातून तोल कळतो, स्नायूंतून आणि सांध्यांतून हातपाय कुठे आहेत ते कळतं. हे सगळे संदेश मेंदूत नीट जुळले नाहीत तर शिकण्यात अडथळे येतात, अशी मांडणी अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात केली. कुणाला ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नाही, कुणाला गणवेशाच्या मानेवरची पट्टी दिवसभर टोचते. उलट कुणाला शरीराची जाणीवच पुरेशी होत नाही. तो सारखा धडकतो, ढकलतो, बाकावर झुलतो. वर्गात पहिल्याला रडका म्हणतात, दुसऱ्याला वात्रट.

इथे एक सांगायलाच हवं, कारण शहरांत या विषयाचा बाजारही झाला आहे. संवेदनांचा असा गोंधळ हा एक स्वतंत्र विकार आहे की नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२मध्ये आपल्या डॉक्टरांना हे निदान म्हणून वापरू नका असं सांगितलं. पुढच्या वर्षी आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणातही त्याला वेगळी जागा मिळाली नाही; संवेदनांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे स्वमग्नतेच्या निकषांत आलं, तेवढंच. अशा मुलांसाठी वजनदार जाकिटं महागात विकली जातात, पण त्यांनी वर्गातलं लक्ष वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. ज्याला परवडत नाही त्या पालकाने अपराधी वाटून घेऊ नये.

पण निदान पक्कं नाही म्हणून मुलाचा त्रास खोटा ठरत नाही. आपल्याकडे सवलत म्हटली की दाखला आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. त्यांचे दाखले मिळवावेत, ते हक्काचेच आहेत. मात्र कोपऱ्यात बसू देण्यासाठी कसला दाखला हवा?

आवाजाचंच घ्या. शिकवणं चालू असताना वर्गातला इतर गोंगाट ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्येच सांगून ठेवलंय. साधं बोलणंच ६०च्या आसपास भरतं. आपल्याकडे २०००च्या नियमांत शाळेभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि त्याच भागात आपणच परिपाठाला कर्णा लावतो! बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले तरी निम्मी करकर जाते. चुळबुळ्या मुलाला वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवायला सांगावं. जड काही उचललं की अशी काही मुलं नंतर थोडा वेळ स्थिर बसतात. सगळी नाही. कुणाला काय लागू पडतं ते बघतच शिकावं लागतं, आणि ते रोज बघणाऱ्या बाईच असतात.

हे परदेशी खूळ म्हणून झटकूनही टाकता येणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं हातात दिली. स्पर्शातून, हालचालीतून शिकणं आपल्या बालवाडीने कधीच स्वीकारलं होतं. पहिलीचा उंबरठा ओलांडला की आपण ते काढून घेतो आणि हाताची घडी घालायला लावतो.

‘एकाला सूट दिली की चाळीस जण मागतील,’ हा आक्षेप मी प्रत्येक शाळेत ऐकते. मागू द्यावी. चाळिसांनी तासामध्ये दोन मिनिटं उभं राहून हातपाय ताणले तर कुणाचं काय बिघडणार आहे? ‘आमच्या वेळी नव्हतं हे असलं’ म्हणणाऱ्यांनी जरा आठवून बघावं. अशी मुलं तेव्हाही होती, ती मार खात होती. फरक एवढाच की शाळा सुटल्यावर त्यांना लंगडीला मैदान आणि चढायला झाड मिळत होतं.

त्या बाईंनी पुढे त्या मुलाची जागा दाराशी केली आणि सर आली की व्हरांड्यात जायची परवानगी दिली. ऑगस्टमध्ये मी गेले तेव्हा तो तिथेच उभा राहून भिंतीला पाठ घासत सातचा पाढा म्हणत होता. सात आठे छप्पन्नला अडखळला, बाईंनी आतून सांगितलं.

मुख्याध्यापकांकडे माझं एकच मागणं आहे : उद्याच्या परिपाठाला कर्णा बंद ठेवून बघा.