गंज आणि व्यवहार

आमच्या १९९६ सालच्या प्रीमियर पद्मिनीने आम्हांस वाटेत कधी सोडले नाही. परंतु मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेने तिचा तळाचा पत्रा पोखरला आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक. सबब वरून रंग देऊन ती विकावी, असा व्यवहारी सल्ला मिळतो. तथापि या गाडीस निराळी चॅसिस नसते. सारा भार पत्राच वाहतो. तेव्हा रंगाखाली गंज झाकणे हा पुढील मालकाच्या जिवाशी केलेला अपराध होय. उरतात दोन मार्ग : सडलेला पत्रा कापून नवा जोडणे, अथवा गाडी भंगारात घालणे. यंत्रास कृतज्ञता कळत नाही, हे खरे; परंतु चालती वस्तू केवळ कवडीमोल ठरली म्हणून टाकण्याची सवय मनास लागू नये, यास्तव आम्ही पहिला मार्ग पत्करला.