हातावरचा क्रमांक



अलीकडे आपल्या तरुण मुलामुलींच्या मनगटावर, मानेवर, दंडावर टॅटू दिसू लागले आहेत. कोणी क्रूस काढून घेतो, कोणी आईचे नाव, कोणी एखादा पक्षी. आईवडील काळजीने विचारतात, "फादर, हे पाप आहे का हो?" मुले विचारतात, "फादर, ह्यात वाईट काय आहे?" दोघांनाही चटकन 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर हवे असते. पण त्याआधी आपण एका वेगळ्या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांला वाटते. माणसाच्या अंगावरील खुणेचा अर्थ ठरवतो कोण? ती उमटवणारा, ती अंगावर वागवणारा, की ती पाहणारा?

असा प्रश्न नुसत्या चर्चेने सुटत नाही. म्हणून एकच खूण समोर ठेवू या.

२६ मे २०२१ रोजी, बुधवारच्या सार्वजनिक भेटीच्या वेळी, व्हॅटिकनमध्ये लिडिया माक्सिमोविच ह्या ऐंशी वर्षांच्या बाई पोप फ्रान्सिस यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाताची बाही वर केली. हातावर पाच आकडे होते : ७००७२. त्यात नक्षी नाही, कोणाचे नाव नाही, कसली प्रार्थना नाही. पोपमहोदयांनी आकड्यांकडे पाहिले, ते वाकले आणि त्यांनी त्या आकड्यांचे चुंबन घेतले.

आता ह्या खुणेचा अर्थ काय?

प्रथम लिहिणाऱ्याला विचारू. हा क्रमांक ऑश्विट्झच्या छळछावणीत गोंदवला गेला, तेव्हा लिडिया अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. नाझी छावण्या अनेक होत्या, परंतु कैद्यांना पद्धतशीरपणे गोंदवण्याची रीत ऑश्विट्झमध्येच होती. १९४१ च्या शरद ऋतूत सोव्हिएत युद्धकैद्यांपासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती इतरांना लागू झाली. कारण सरळ हिशेबाचे होते. आधी क्रमांक कपड्यांवर शिवलेला असे. माणसे मोठ्या संख्येने मरू लागली, प्रेतांवरचे कपडे काढून घेतले जाऊ लागले आणि मेलेला कोण हे वहीत नोंदवता येईना. म्हणून क्रमांक कातडीवर आला. ज्यांना उतरल्याबरोबर थेट विषारी वायूच्या कोठडीत पाठवत, त्यांना गोंदवतही नसत. त्यांची नोंद ठेवण्याची गरजच मानली जात नव्हती. थोडक्यात, लिहिणाऱ्याच्या लेखी त्या आकड्यांचा अर्थ एवढाच होता : ही एक वस्तू आहे आणि ती आमच्या मालकीची आहे.

आता खूण वागवणाऱ्या स्त्रीला विचारू. जानेवारी १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली. लिडियांना एका पोलिश कुटुंबाने आपली मुलगी म्हणून वाढवले. जन्मदात्या आईची भेट पुढे कितीतरी वर्षांनी, १९६० नंतरच्या काळात झाली. वाचलेल्या कैद्यांपैकी काहींनी शस्त्रक्रिया करून आकडे काढून टाकले. तेही समजण्यासारखे आहे. लिडियांनी ते ठेवले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तरुणांपुढे उभे राहून आपली हकिकत सांगितली. त्यांचे आत्मकथन २०२२ मध्ये इटालियन भाषेत प्रसिद्ध झाले, त्याला पोप फ्रान्सिस यांची प्रस्तावना आहे. पुस्तकाच्या नावाचा अर्थ, 'द्वेष करणे जिला ठाऊक नव्हते अशी मुलगी'. आकडे तेच, हात तोच. परंतु मालकाची मोहोर आता साक्षीदाराचा पुरावा झाली होती.

तिसरा आहे पाहणारा. पोपमहोदयांनी त्या खुणेवर भाष्य केले नाही. तिच्यापुढे मान लववली. एखाद्या संताच्या अवशेषाला आपण जसा मान देतो, तसाच मान एका जखमेला मिळाला.

इथे कोणी म्हणेल, "मग प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि सगळेच खरे!" नाही, बंधुभगिनींनो. पहिला अर्थ खोटा होता. तो लिहिला गेला त्या दिवशीही खोटाच होता, कारण माणूस कधीही क्रमांक नसतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला सांगितले जात असे की, कृतीचे मोल ठरवताना प्रत्यक्ष कृती, तिच्यामागचा हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही पाहावीत. ह्या तिन्ही बाजूंनी पाहिले तरी लहान मुलीच्या दंडाला सुई लावणारा हात दोषीच ठरतो. पण त्या हाताला एक गोष्ट जमली नाही. माणूस कोण आहे, हे त्याला ठरवता आले नाही.

त्याच छावणीत १६६७० हा क्रमांक आपल्या संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना दिला होता. ही गोष्ट गोंदवण्याची रीत सुरू होण्यापूर्वीची, म्हणजे तो क्रमांक कपड्यांवरच असणार. जुलै १९४१ च्या अखेरीस एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी उपासमारीची शिक्षा भोगायला ते रांगेतून पुढे आले. तू कोण, असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांनी क्रमांक सांगितला नाही. आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत, एवढेच उत्तर दिले. १४ ऑगस्टला ते मरण पावले. अंगावर काय लिहिले आहे ह्यापेक्षा आपण कोणाचे आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

स्वखुशीच्या खुणाही आपण पाहतो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवून घेतात, पुष्कळदा बालपणीच. त्या देशात तो क्रूस लपवता येत नाही, त्याची किंमत मोजावी लागू शकते. आपल्या महाराष्ट्रातही गावोगावच्या आजीबाई सांगत, दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते. दोन्हींत एक समान धागा आहे : काढून टाकता येणार नाही असे काहीतरी आपण स्वीकारले आहे.

पवित्र शास्त्र काय म्हणते? लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात मृतांसाठी अंगावर जखमा करणे आणि खुणा गोंदवणे ह्यांना मनाई आहे. ती शेजारच्या राष्ट्रांच्या चालीरीतींपासून इस्राएलला दूर ठेवण्यासाठी होती. ख्रिस्तसभेने गोंदवणे हे सरसकट पाप ठरवलेले नाही. संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आपल्या देहावरील येशूच्या खुणांचा अभिमानाने उल्लेख करतो. त्या फटक्यांच्या आणि दगडांच्या खुणा होत्या. आणि यशया संदेष्ट्याच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात तर स्वतः परमेश्वरच आपल्या लोकांना तळहातावर कोरून ठेवतो. तिथे माणूस देवाचे नाव अंगावर लिहीत नाही, देव माणसाला आपल्या हातावर लिहितो.

स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या आत्म्यावर कधीही न पुसणारी मोहोर उमटते, अशी आपली श्रद्धा आहे. संत ऑगस्टीनने तिची तुलना सैनिकाच्या अंगावरील खुणेशी केली होती. सैनिक पळून गेला तरी खूण राहते आणि परत आला तर पुन्हा नवी खूण करावी लागत नाही. आपणा प्रत्येकावर अशी एक खूण आहे. ती आरशात दिसत नाही, आपल्या वागण्यात दिसावी अशी अपेक्षा आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे असे : गोंदवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे मी माझ्या इच्छेने करतो आहे की मित्रांच्या? ह्यातून मी जे सांगतो आहे, ते खरे आहे का? साठाव्या वर्षीही मला ते म्हणता येईल का? हातावर क्रूस असेल, तर त्या हाताने कोणाला मारू नये, लाच घेऊ नये, एवढे तरी लक्षात ठेवा.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती : कोणाच्या हातावरची खूण पाहून चर्चच्या दारात त्याचा निवाडा करू नका. मुलगी बघायला गेलात आणि तिच्या मनगटावर एक तारीख दिसली, तर तर्क लढवू नका. ती वारलेल्या भावाची तारीख असू शकते. आधी प्रेमाने विचारा, मग ऐकून घ्या. वाचण्यापूर्वी विचारणे हा शेजाऱ्यावरील प्रीतीचाच एक भाग आहे.

ज्याच्या हातापायांवरच्या खुणा पुनरुत्थानानंतरही राहिल्या, तो प्रभू येशू आपणांस एकमेकांच्या खुणा आदराने वाचण्याची कृपा देवो.