आडनाव चोरावं का?

पोटासाठी माणसानं आपलं आडनाव चोरावं का? प्रश्न पुस्तकातला नाही. सांगलीच्या कापड पेठेतला आहे.

दिवाळीच्या तोंडावर तिथल्या एका दुकानात मी महिनाभर रोजंदारीवर होतो. शटर वर गेल्यापासून रात्री हिशेब होईपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाईक गादीवर बसून वीस साड्या उलगडायला लावतं, एकही न घेता उठतं. मागं आपण घड्या घालायच्या. अंगात दुकानाचा शर्ट, खिशावर दुकानाचं नाव. काम संपलं की धुऊन परत करायचा.

एक दिवस माझ्याच गावच्या वाड्यातल्या बायका आल्या. त्यांच्या उंबऱ्याबाहेर माझी आजी ओंजळीनं पाणी प्यायची. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पदर माझ्या खांद्यावर टाकून दाखवला. तोच पदर थोरल्या बाईंनी आपल्या खांद्याला लावून आरशात बघितलं. मला वाटलं, जिंकलो!

मग बाई म्हणाल्या, "पोरा, गाव कुठलं रं तुझं?" सांगितलं. "अन् आडनाव?" तेही सांगितलं. बाईंनी पदर खाली ठेवला. "त्या दुसऱ्या पोराला बोलाव. त्याला रंग चांगलं कळत्यात."

रात्री जुना सेल्समन म्हणाला, "पुढल्या टायमाला दुसरं आडनाव सांग. धंदा का घालवतोस?" तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही घर होतं.

मला सातारा जिल्ह्यातलं मसूर स्टेशन आठवलं. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावाभाच्यांबरोबर वडिलांकडं निघाले होते. अंगात विलायती कापडाचे नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं. स्टेशन मास्तरला वाटलं, बामणाची पोरं. त्यानं विचारलं, पोरानं खरं सांगून टाकलं, आणि मास्तरचा चेहराच बदलला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही सुरुवातीला गाडीत बसला नाही. पोरांनी गाडी हाकली, तो बाजूनं चालला. कापडानं तासभर माणूस केलं, जातीनं एका शब्दात ते काढून घेतलं.

मुंबईच्या गिरण्यांत आम्हाला विणखात्यात घेत नसत, कारण धागा तोंडाला लावावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आज तेच कापड आम्ही विकतो. पण विकायला मिळालं म्हणजे विटाळ गेला असं नाही. तो शर्टाखाली दबा धरून बसलाय.

मग चोरावं का? पोटासाठी जो चोरतो त्याला मी नावं ठेवणार नाही. चुलीपुढं उपदेश करणं सोपं असतं. पण चोरी त्याची नव्हे. ज्यानं प्रश्न विचारला, गुन्हा त्याच्याकडं आहे. खोटं आडनाव सांगितलं की त्याचा प्रश्न बरोबर ठरतो, एवढंच मला सलतं.

आणखी एक गोष्ट बघा. गिऱ्हाइकानं आडनाव विचारलं, सेल्समननं बदलायला सांगितलं. पण दुकानाच्या हजेरीच्या वहीत ते कुठंच नव्हतं. दिवाळी झाली, हातावर पैसे टेकवले, जा म्हणाले. मी तिथं काम केलं याचा एक कागद नाही. जिथं नको तिथं आडनाव विचारतात, जिथं पाहिजे तिथं लिहीत नाहीत.

म्हणून माझं उत्तर एवढंच. आडनाव चोरायचं नाही, वहीत लिहून मागायचं. पूर्ण. बापाच्या नावासकट.