मध्यरक्षकाचा स्वधर्म

ज्याच्या कर्माची मुदत, मोबदला आणि मालक हे तिन्ही कागदावर ठरलेले असतात, त्याला निष्काम कर्माची, म्हणजे फळावर हक्क न सांगता केलेल्या कर्माची, कल्पना मुळात लागू पडते का, हे तपासण्यासाठी एकामागून एक क्लब बदलत जाणाऱ्या व्यावसायिक मध्यरक्षकाची कारकीर्द हे चांगले कसोटीचे उदाहरण आहे. मध्यरक्षक हा बचावफळी आणि आघाडी यांच्या मधला खेळाडू. प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घेणे आणि तो पुढच्याच्या स्वाधीन करून मोकळे होणे हेच त्याचे बरेचसे काम असल्यामुळे गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच येते.

या विचाराचा धागा रायगडच्या किनारपट्टीवर सापडतो, पण तो फुटबॉलमुळे नव्हे. तिथल्या मैदानांवर मान आहे तो कबड्डीला. विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली व साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीताप्रवचने मराठी घराघरांत पोहोचली. ‘विकर्म’ हा शब्द परंपरेत बहुधा निषिद्ध कर्मासाठी वापरला जातो; विनोबांनी मात्र त्याचा अर्थ बाहेरच्या कर्माला मिळणारी आतल्या मनाची जोड असा घेतला, आणि ही जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही, ते ‘अकर्म’ होते, असे मांडले. स्वधर्माविषयी त्यांचे म्हणणे असे की तो निवडावा लागत नाही, आईसारखा जन्माबरोबरच लाभतो.

अडचण नेमकी इथे उभी राहते, कारण क्लब जन्माने मिळत नाही, तो सहीने मिळतो आणि सहीनेच सुटतो. तेव्हा स्वधर्म जर्सीत शोधला तर भाडोत्री खेळाडूला तो नाहीच, असे म्हणावे लागेल. तो कामात शोधला तर मात्र चित्र पालटते. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती घडवणारा कारागीर ती कोणाच्या घरी जाणार हे पाहून डोळ्यांची आखणी करत नाही, तिची प्राणप्रतिष्ठा दुसऱ्याच्याच हातून व्हायची असते, आणि मूर्तीचे पैसे घेतले म्हणून त्याची निष्ठा पातळ झाली असे कोणी म्हणत नाही.

मैदानावर असेच उदाहरण गोव्याच्या लेनी रॉड्रिग्ज या मध्यरक्षकाचे. त्याने चर्चिल ब्रदर्सबरोबर 2008-09 आणि 2012-13 असे दोनदा आय-लीगचे विजेतेपद मिळवले, पुढे मोहन बागान, बंगळुरू एफसी असे मुक्काम करत तो एफसी गोवात आला, आणि 2019-20 च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत अव्वल राहिलेल्या या संघाला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळण्याचा, तोवर एकाही भारतीय क्लबला न मिळालेला, मान लाभला. परंतु 2021 च्या सुरुवातीला, ऐन हंगामात, त्याची ग्लॅन मार्टिन्स या दुसऱ्या गोवेकर मध्यरक्षकाशी अदलाबदल होऊन तो एटीके मोहन बागानमध्ये गेला. महामारीमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच खेळवला जात असल्याने क्लब बदलला तरी मुलूख बदलला नाही, ही त्यातली गंमत. 14 एप्रिल 2021 रोजी फातोर्ड्याच्या मैदानात एफसी गोवाने कतारच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा ज्या साखळीने ही संधी मिळवून दिली तिच्यात राबलेला लेनी त्या संघात नव्हता.

यालाच फलत्याग म्हणावे काय? काटेकोर अर्थाने नाही, कारण त्याग हा करणाऱ्याने करायचा असतो आणि इथे फळ व्यवहाराने दुसरीकडे गेले. निष्कामता असलीच तर ती अदलाबदलीनंतरच्या पहिल्या सामन्यात, नव्या सोबत्याकडे चेंडू त्याच काळजीने सोपवण्यात असेल, आणि ती बाहेरून दिसत नाही. हा भेद सोडला तर निष्काम कर्माचा उपदेश मालकाच्या सोयीचा होतो. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये. अशा वेळी नवा करार शोधत फिरणाऱ्या खेळाडूला फळाची आसक्ती सोडायला सांगणे म्हणजे फळ आणि वेतन यांची गल्लत करणे होय. वेतन हे त्याच्या कर्माचे फळ नसून त्या कर्माला लागणारा शिधा आहे, आणि तो मागणाऱ्याच्या निष्कामतेला त्यामुळे बाध येत नाही.