कुंपण हे बंधन की दया?



गेल्या कार्तिकातली गोष्ट. एकादशीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी घरोघर निघाली. एक वृद्ध माउली मात्र मागे थांबल्या. पाया पडून म्हणाल्या, "बुवा, एक शंका आहे. माझ्या घरी मांजरी आहे. बागेला उंच जाळी लावून तिला मी आतच ठेवते. मुलगा म्हणतो, आई, तू पंढरीची वारी करतेस आणि मुक्या जिवाला कोंडून घालतेस, हे पाप नव्हे का? तुम्ही सांगाल तसे करीन."

त्या दिवशी निरूपणाचा विषय भूतदया हाच होता. तो अजून जिभेवर घोळत होता. मी म्हणालो, "माउली, देवाने मोकळ्या सोडलेल्या जिवाला बांधणारे आपण कोण? काढून टाका ती जाळी." जवळच्या चार जणांनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले.

त्यांनी जाळी काढली. मार्गशीर्ष सरायच्या आत ती मांजरी रस्त्यावर मालमोटारीखाली सापडली. माउली मला बोल लावायला आल्या नाहीत. पुढल्या एकादशीला नेहमीच्या खांबापाशी येऊन बसल्या. मीच विचारले, तेव्हा "गेली हो बुवा ती," एवढेच म्हणाल्या. शास्त्र शिकलेल्या माणसाने विचार न करता उत्तर दिले आणि एक जीव गेला. तेव्हा जो विचार करायचा राहिला, तो आज करतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. पहिला आक्षेप असा की, शिकार हा मांजराचा स्वभाव आहे. तो ईश्वराने दिला. त्याने पाखरू मारले तर त्याचे पाप पाळणाऱ्याला कसे लागेल? दुसरा आक्षेप असा की, जिवाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडवणे हीच हिंसा होय.

पहिल्याचे उत्तर. पशूची योनी ही भोगयोनी. विधिनिषेध मनुष्याला आहेत, मांजराला नाहीत. म्हणून मांजर निष्पाप आहे, हे अगदी मान्य. परंतु हितोपदेशातला जरद्गव गिधाड आठवा. म्हातारा, आंधळा, झाडावरची पाखरे आपल्या घासातला घास देऊन त्याला पोशीत. दीर्घकर्ण नावाचे मांजर आले, चांद्रायण व्रताच्या गोष्टी सांगू लागले, आणि जरद्गवाने त्याला ढोलीत जागा दिली. मांजराने एकेक पिलू खाल्ले आणि पळ काढला. ढोलीत हाडे सापडली, तेव्हा पाखरांनी गिधाडालाच मारले. पाठशाळेत आम्ही बोध पाठ केला तो एवढाच, की ज्याचे कुलशील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गिधाडाने एकही पिलू खाल्ले नव्हते. त्याने आश्रय दिला आणि पहारा ठेवला नाही, एवढाच त्याचा दोष.

आपणही जरद्गवच आहोत. बुलबुल परसातल्या झुडपात हाताला लागेल इतक्या खाली घरटे करतो. घरट्यातून उतरलेल्या पिलाला पहिले काही दिवस नीट उडता येत नाही. मांजराचे पोट भरलेले असले तरी हालते पाखरू दिसताच ते झडप घालते. त्याची शिकार भुकेची वाट पाहत नाही. न्यूझीलंडजवळ स्टीफन्स नावाचे लहानसे बेट आहे. तिथे दीपगृह झाले, माणसे गेली, त्यांच्याबरोबर मांजरे गेली. उडता न येणारा एक चिमुकला पक्षी तिथे राहत असे. १८९४ साली मांजराने मारून आणलेल्या पाखरांवरूनच विद्वानांना त्याची ओळख पटली, आणि थोड्याच वर्षांत तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेले मांजर आपल्या हद्दीतच ठेवावे असा कायदा आहे. जे तिथे राजशासनाने करावे लागले, ते आपण धर्म म्हणून करू नये काय?

आता दुसरा आक्षेप. कोणी म्हणेल, आपणही माळ घालतो, एकादशी धरतो, दिंडीत आपली जागा सोडत नाही. ते बंधन गोड, तसेच हेही. पण हा दृष्टान्त इथे पुरत नाही. माळ आपण आपल्या खुशीने घातली. मांजराला कोणी विचारले होते? म्हणून दुसरा दृष्टान्त घेऊ, आणि तो मांजराच्याच घरचा. वैष्णव आचार्यांनी मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचे पिलू आईला घट्ट बिलगते. मांजराचे पिलू काहीच धरीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. कुठे न्यायचे हे ती पिलाला विचारीत नाही, आणि त्या धरण्याला कोणी हिंसा म्हणत नाही. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना, पिलाला तोंडात धरणाऱ्या मातेच्या दातांचीच उपमा घेतली आहे. बुलबुलाचा प्राण घेणारे दात आणि पिलाला उचलणारे दात एकच. फरक दातांत नाही, धरण्यात आहे.

हीच कुंपणाची कसोटी. धरावे, पण रुतू नये. नुसते कोंडले तर ते रुतले. म्हणून आत सावली हवी, पाणी हवे, मलविसर्जनाला मोकळी माती हवी, चढून बसायला उंच फळी हवी, आणि रोज कोणी घटकाभर दोरी हलवून खेळवणारे हवे. जाळी पुरुषभर उंच, माथा हातभर आत वाकवलेला. कुंपणालगतच्या झाडाच्या बुंध्याला पत्रा, नाहीतर ते त्यावरून उडी घेईल. मोरीची भोके बुजवावी. जाळी ताठ असावी. ढिल्या नायलॉनात पाखरांचेच पाय अडकतात. देवाच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर मांजराला विषारी, लिलीही तशीच; ती बागेबाहेर ठेवावी. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस चुकवू नये.

आणखी एक कठीण गोष्ट माळकऱ्यांनी ऐकावी. मांजर दूधभातावर निरोगी राहत नाही. मांसातले एक सत्त्व त्याला मिळाले नाही तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. आपला नेम आपल्यापाशी. तो मांजरावर लादू नये. ज्याच्या घरात त्याला सोसेल असे अन्न येऊ शकत नाही, त्याने मांजर पाळूच नये. पाळून उपाशी मारण्यापेक्षा न पाळणे ही मोठी दया.

या चैत्रात माउलींच्या दारात एक पोरके पिलू आले. त्या मला म्हणाल्या, "बुवा, आता काय करू?" या वेळी मी तोंडाने उत्तर दिले नाही. त्यांच्या घरी गेलो, आणि ज्या मुलाने शंका काढली होती तो खिळे ठोकीत असताना जाळीचे दुसरे टोक धरून उभा राहिलो.

ज्याला आसरा दिला त्याला आपले धरणे रुतू नये, आणि त्याच्यापायी तिसऱ्या जिवाला इजा होऊ नये. एवढे सांभाळले तर कुंपण हीसुद्धा भूतदयाच आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.