मंदिरातील गायनशाळा आणि आपली लेकरे

शास्त्रपाठ : १ इतिहास २५:१–८, अनुवाद ३१:१९–२२, मत्तय २१:१५, १६



मराठी ख्रिस्ती माणसाने तंजावूरला एकदा तरी जावे. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरविला गेला. ज्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात हे झाले, त्यांनीच आपल्या गुरूच्या स्मरणार्थ करविलेले संगमरवरी शिल्प तेथल्या एका ख्रिस्तमंदिरात आहे. मृत्युशय्येवर पडलेल्या मिशनरी ख्रिस्तियन फ्रेड्रिक श्वार्ट्झ यांचा हात तरुण राजाने हाती धरला आहे, असे ते दृश्य. भाषांतराच्या कामानिमित्त दक्षिणेत गेलो असता ते पाहण्याकरिता मी तंजावूरला उतरलो. परंतु माझ्या मनात घर करून राहिले ते दुसरेच एक दृश्य.

मी राहत होतो त्या घरामागील गल्लीत एक बाई मुलांना गाणे शिकवीत. सकाळी सहा-सात मुले चटईवर मांडी घालून बसत. सर्वांत धाकटी फार तर चार वर्षांची असेल. बाई प्रथम तंबोरा लावीत आणि बराच वेळ कोणालाही गाऊ देत नसत. मुलांनी फक्त ऐकायचे. मग षड्ज, पंचम, वरचा षड्ज. त्यानंतर पुरंदरदासांनी घालून दिली असे मानतात ती सरळी वरिसै; म्हणजे आपल्या भैरवाला जवळच्या अशा मायामालवगौळ रागातील साधे चढ-उतार. हाताने आदितालाच्या आठ मात्रा मोजायच्या : एक टाळी, तीन बोटे, मग टाळी आणि उलटा तळवा, पुन्हा टाळी आणि उलटा तळवा. धाकटीचा हात सारखा चुके. बाई तिला रागावल्या नाहीत. शेजारच्या मोठ्या मुलीने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघींनी मिळून ताल धरला.

ते पाहताना मला आजच्या शास्त्रपाठातील आठवे वचन आठवले.

दाविदाने मंदिरातील गायनसेवेची व्यवस्था लावली, तिचे वर्णन या अध्यायात आहे. आसाफ, हेमान व यदूथून हे तिघे प्रमुख. हेमानाला चौदा पुत्र व तीन कन्या होत्या. मुले आपल्या बापाच्या हाताखाली गायनवादन शिकत होती. शिकून तयार झालेल्यांची संख्या २८८ होती. त्यांच्या चोवीस वर्गांच्या पाळ्या ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा लहान आणि मोठा, गुरू आणि शिष्य असा भेद केला नाही, असे आठवे वचन सांगते. येथे 'शिष्य' या अर्थी मूळ इब्री शब्द आहे 'तल्मीद'. प्रभू येशूच्या काळी गुरूच्या पायाशी बसणाऱ्याला हाच शब्द लावीत. यशयाने शिष्यांविषयी लिहिताना याच धातूपासून झालेला दुसरा शब्द वापरला आहे. 'तल्मीद' हा शब्द मात्र संपूर्ण जुन्या करारात एकदाच, या एकाच ठिकाणी येतो. राजसभेच्या वर्णनात तो नाही, शास्त्र्यांच्या पाठशाळेत नाही. तो आहे गाण्याच्या वर्गात. भाषांतर करताना असा शब्द सापडला की लेखणी क्षणभर थांबते.

त्याच धातूचे क्रियापद अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. मोशेचे आयुष्य संपत आले आहे. लोक पुढे बहकतील हे देवाला ठाऊक आहे. अशा वेळी देव मोशेला एक गीत लिहून घ्यावयास सांगतो. ते इस्राएलाला शिकव, त्यांच्या मुखी घाल, अशी आज्ञा करतो. पुढे संकटे येतील तेव्हा हेच गीत साक्ष देईल, कारण ते त्यांच्या संततीच्या मुखातून विसरले जाणार नाही. देवाला मानवी मनाची घडण ठाऊक आहे. तोंडात घातलेले गीत काढून टाकता येत नाही.

बालमनाचा अभ्यास करणारे आज काय सांगतात? मूल आईच्या उदरात असतानाच, शेवटच्या काही महिन्यांत, ऐकू लागते. नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजांतून आपल्या आईचा आवाज वेगळा ओळखते, हे १९८० साली प्रयोगाने दाखविण्यात आले. २०१२ साली कॅनडात झालेला एक अभ्यास तर आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. सहा महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटातील बाळे आईवडिलांच्या मांडीवर बसून आठवड्यातून एकदा गात, वाजवीत. दुसऱ्या गटातील बाळे खेळत असताना मागे ध्वनिमुद्रित संगीत चालू असे. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील बाळे अधिक हसत, बोट दाखवून व हात हलवून अधिक संवाद साधत, रडू आले तर लवकर शांत होत. संगीत दोन्ही खोल्यांत होते. मांडी मात्र एकाच खोलीत होती. जर्मनीतील लाइपझिग येथे २०१० साली असे आढळले की एकत्र गाऊन-नाचून खेळलेली चार वर्षांची मुले पुढे एकमेकांच्या मदतीला अधिक धावतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. संगीताने मूल हुशार होते, गणितात पुढे जाते, अशी जाहिरात आपण वाचतो आणि शिकवणीचे पैसे भरतो. १९९३ साली मोत्सार्टचे संगीत ऐकविण्याचा जो प्रयोग गाजला, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि त्याचा परिणाम काही मिनिटेच टिकला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. २०१३ साली अमेरिकेत शाळापूर्व वयाच्या मुलांवर काळजीपूर्वक झालेल्या पाहणीत थोड्या काळाच्या संगीतवर्गाने बुद्धी वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. मला याचे दुःख वाटत नाही. उलट समाधान वाटते. आपण लेकराला बाजारात अधिक भावाने खपावे म्हणून गायला शिकवावे काय? गाताना मूल प्रथम ऐकावयास शिकते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, आपला सूर दुसऱ्याच्या सुरात मिळविते. हे गुण परीक्षेत मोजले जात नाहीत. कुटुंब आणि मंडळी मात्र यांच्यावरच उभी राहते.

प्रभूच्या पृथ्वीवरील शेवटच्या आठवड्यात मंदिरात मुले मोठ्याने होसान्ना म्हणू लागली, तेव्हा मुख्य याजक व शास्त्री संतापले. प्रभूने आठव्या स्तोत्राची आठवण करून देऊन त्यांना निरुत्तर केले. भाषांतरकाराला येथे एक अडचण येते. इब्री स्तोत्रात, देव तान्ह्या बाळांच्या मुखाने 'बळ' स्थापतो, असा अर्थ आहे. मत्तयाने ज्या ग्रीक भाषांतरावरून वचन घेतले, तेथे 'स्तुती' आहे. मी पुष्कळ दिवस या दोन शब्दांपुढे बसलो. तंजावूरच्या त्या गल्लीत मला वाटले, तान्ह्या मुखाच्या बाबतीत हे दोन शब्द एकच असावेत. स्तुती हेच त्याचे बळ.

आता माझा स्वतःचा अपराध सांगतो. काही वर्षे आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेची जबाबदारी माझ्याकडे होती. पेटीवर शिकविणाऱ्या वृद्ध बाई थकल्या. नवा शिक्षक शोधण्याऐवजी मी ध्वनिमुद्रित गाण्यांची सोय केली. आवाज उत्तम, वाद्यमेळ उत्तम, वेळेची बचत. दोन-तीन महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की मुले गातच नाहीत. हात बांधून ऐकतात. मी त्यांना श्रोते केले होते. त्या बाईंचा सूर कधीकधी उतरत असे, पण त्या पेटीभोवती मुले दाटी करीत आणि कोणीतरी नेहमी त्यांच्या मांडीवर असे. मी सूर सुधारला आणि मांडी काढून घेतली. त्या वर्गातील मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या मुखी मी काय घातले, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

श्वार्ट्झसाहेबांकडे परत येऊ. त्यांची आई ते अगदी लहान असताना निवर्तली, आणि मरतेवेळी तिने त्यांना देवाच्या सेवेला वाहिले. तंजावूरला त्यांनी तिरुनेलवेलीकडून वेदनायगम नावाच्या बारा वर्षांच्या सुमाराच्या मुलाला आणून शिकविले. तोच पुढे तमिळ ख्रिस्ती मंडळीचा थोर कवी वेदनायगम शास्त्री झाला. त्याच्या काव्यात सुवार्तेबरोबर सूर्यमालेचे नवे ज्ञानही गायिले आहे. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूकडे गेले. त्यांचे चरित्रकार सांगतात की अखेरच्या आजारात सोबती स्तोत्र गाऊ लागले, तेव्हा त्या क्षीण झालेल्या वृद्धानेही आपला सूर त्यात मिळविला. बळ सरले होते, स्तुती उरली होती.

म्हणून, आईबापहो, आजपासून एक करा. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी यंत्र बंद ठेवा, बाळाला मांडीवर घ्या आणि तुम्ही गा. तुमचा गळा गोड नाही, ही सबब सांगू नका; बाळाला तोच आवाज जगात सर्वांत प्रिय आहे. मराठी मुलुखाबाहेर, भोपाळला, बडोद्याला, हैदराबादेला राहणाऱ्या कुटुंबांनी निदान दोन-तीन मराठी गीते लेकरांच्या मुखी घालावीत. आणि मंडळीच्या पंचांनो, शब्बाथशाळेसाठी नवे यंत्र घेण्याआधी एक माणूस शोधा, ज्याच्यापाशी थोडा सूर आणि पुष्कळ धीर आहे. लहान-मोठे, गुरू-शिष्य अशा सर्वांची चिठ्ठी एकाच पात्रात टाका. चुकणाऱ्या धाकट्याचा हात कोणीतरी हातात घ्यावा.

सफन्या संदेष्टा म्हणतो की देव स्वतः आपल्या लोकांविषयी गाऊन आनंद करतो. आपण लेकराला गायला शिकवितो, तेव्हा त्या गाण्यात त्याला बसवून घेतो, इतकेच.

हे प्रभो, तान्ह्यांच्या मुखी स्तुती घालणाऱ्या पित्या, आमचे ओठ आमच्या लेकरांकरिता उघड. आम्ही जे त्यांच्या मुखी घालू, ते अखेरच्या श्वासापर्यंत त्यांना पुरो. आमेन.