साचेखात्यातले कान

लालबागच्या त्या चाळीत सकाळच्या बातम्या आबांच्या मोबाईलमुळे अख्ख्या मजल्याला ऐकू जात, आणि आबांच्या कानात मात्र त्यातलं निम्मंही शिरत नसे. रातपाळी करून आलेला मुलगा पांघरुणातूनच ओरडे, "आबा, बारीक करा तो आवाज!" शेजारच्या खोलीतली परीक्षेची पोरगी दार लोटून घेई. आबा फोन आणखी जवळ ओढत आणि त्यावर वाकून बसत.

यावर तोडगा काढला तो नातवानं. निखिल बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि घरातल्या सगळ्या फोनांची दुरुस्ती त्याच्याकडेच असे. त्यानं आपला जुना वायरवाला हेडफोन आबांच्या फोनला जोडला, त्यांच्या कानांत घातला आणि विचारलं, "आता येतंय का ऐकू?"

आबा थोडा वेळ लक्ष देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज येतोय रे. पण ती बाई काय म्हणती ते कळंना."

निखिलनं त्यातलं 'कळंना' एवढंच धरलं आणि आवाज वाढवायला घेतला.

आवाजाच्या पट्टीला पंधरा पायऱ्या. नवव्या-दहाव्या पायरीच्या पुढे गेल्यावर फोननं अडवलं: बराच वेळ इतक्या मोठ्यानं ऐकलंत तर कानांना इजा होईल, तरी वाढवायचं का? निखिलनं न वाचताच 'ठीक आहे' दाबलं. आपण सगळेच दाबतो. पण ती सूचना उगीच घातलेली नसते. हेडफोनचा आवाज ८५ डेसिबलच्या आसपास एकदा थांबावा आणि पुढे जायचं तर ऐकणाऱ्यानं जाणूनबुजून होकार द्यावा, असं युरोपातल्या सुरक्षा मानकांनी ठरवलं, आणि तिथून ही चौकट फोनांत आली. तो होकार ज्याच्या कानांसाठी द्यायचा, तो माणूस समोर बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

पंधराव्या पायरीवरही आबांची मान नकारार्थी हलली.

निखिल फोन घेऊन करी रोडच्या पुलाखालच्या अन्सारीचाचांकडे गेला. चाचांनी फोनच्या भोकात विजेरीचा झोत मारला. सदऱ्याच्या खिशातला कापसाचा भुगा आत घट्ट बसला होता आणि पिन पूर्ण आत जातच नव्हती. "सुई कधी घालायची नाही," चाचा म्हणाले. "आतली पट्टी वाकते." त्यांनी फोन बंद केला, लाकडी काडीच्या टोकानं भुगा अलगद ओढून काढला आणि फुग्यानं हवा मारली. मग कानात घालायचं रबरी टोपण काढून आतली जाळी पाहिली. कानातल्या मळानं एक बाजू पार बुजलेली. जाळी खाली धरून त्यांनी कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं घासली, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. रबरी टोपणही एक माप मोठं दिलं, कारण कानात फट राहिली की खालचे सूर तिथूनच निसटतात आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. निखिलनं स्वतःच्या कानात घालून पाहिलं, तर आवाज खरोखरच उघडला होता. ज्याला हेडफोनचा आवाज कमी वाटतो त्यानं सेटिंग्ज उचकण्याआधी ही साफसफाई करावी, असं मी कुणालाही सांगेन. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आबांची मिटली नाही. "आवाज लई आला," ते म्हणाले, "पण बोलणं कळत न्हाई."

मग निखिलनं साठवलेल्या पैशांतून नवा नेकबँड आणला. ब्लूटूथवर तर आवाज आणखी दबका निघाला. मित्रानं युक्ती सांगितली. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं, की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; त्यात 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' बंद करायचा. एरवी फोन आणि नेकबँड दोघांचा मिळून एकच आवाज चालतो. तो बंद केला की दोन्हींचे आवाज वेगळे होतात आणि नेकबँडचा त्याच्या स्वतःच्या बटणानं चढवता येतो. निखिलनं दोन्ही टोकाला नेले. तेवढ्यानं भागेना म्हणून आवाज दुप्पट करून देणारं एक अ‍ॅपही टाकलं आणि बातम्या लावल्या.

आबांनी नेकबँड कानांतून ओढून काढला. चेहरा आक्रसलेला. "आरं, वरडतोस कशाला कानात!"

"इतके दिवस ऐकू येत नाही म्हणता, आणि आता ओरडतो म्हणता! मी काय करायचं?" निखिलचा आवाज चढला.

आबांना त्याचे शब्द कळले नसावेत, पण राग कळला. ते उठून बाहेर गॅलरीत जाऊन बसले. घरात हे नवं नव्हतं. गेली काही वर्षं सगळेच आबांशी ओरडून बोलत. ओरडून बोलणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, आणि रोज रागावलेले चेहरे बघणारा माणूस हळूहळू बोलायचा थांबतो. जेवताना आबा ताटाकडे बघून जेवत, हे निखिलच्या आईच्या लक्षात आलं होतं. इतरांच्या नाही.

नेकबँड खराब निघाला असं समजून निखिल पुन्हा चाचांकडे गेला. चाचांनी तो कानाला लावला मात्र, झटक्यात काढला. "यात काही बिघाड नाही, बेटा. अ‍ॅप आवाजाला जागेपेक्षा जास्त फुगवतंय, म्हणून लाटांची टोकं छाटली जातायत. आवाज मोठा होतो आणि फाटतो." त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं. मग विचारलं, "आजोबा काय करायचे?"

"गिरणीत होते. संपापर्यंत."

"कुठल्या खात्यात?"

"साचेखात्यात. मागांवर."

चाचांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांचे वडीलही साचेवाले, मदनपुऱ्यातले. शेवटी शेवटी घरातलं कुणी हाक मारली तरी वळत नसत, आणि भांडं पडलं की दचकून उठत. "आम्ही अब्बांना शेवटपर्यंत ओरडूनच सांगत राहिलो," चाचा म्हणाले. "तू फोन घेऊन फिरू नकोस. आजोबांना घेऊन जा, कान तपासून आण."

वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत दोघं गेले. आबांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठा हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. बारीकसाही सूर ऐकू आला की दाबायचं. निखिल काचेतून बघत होता. जाड, खालच्या सुरांना आबांचं बोट लगेच हले. सूर पातळ आणि उंच होत गेले तसा त्यांचा हात नुसताच थांबून राहू लागला. कागदावरची रेघ डावीकडे वर होती, ती उजवीकडे जाताना चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली.

तपासणाऱ्या मॅडम आबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. आवाज न चढवता, घाई न करता त्यांनी विचारलं, "आजोबा, त्रास नेमका काय होतो?"

"आवाज येतो," आबा म्हणाले. "पण बोलणं कळत न्हाई."

निखिलनं मान खाली घातली. हेच वाक्य त्यानं पहिल्या दिवसापासून ऐकलं होतं.

मॅडमनी मग सांगितलं ते असं. कानाच्या आत शंखासारख्या पोकळीत सुमारे पंधरा हजार बारीक केसांच्या पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांचं काम बारीक आवाज वाढवून पुढे द्यायचं. मोठ्या गोंगाटात वर्षानुवर्षं राहिलं की त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या. बोलण्यातले 'स', 'श', 'च', 'फ' तिथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे आबांना बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पण शब्दांच्या कडा गळून पडतात. आवाज वाढवला की स्वर आणखी गडगडतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली झाकली जातात.

"पण मग मोठं लावलं की ओरडतो का म्हणतात?" निखिलनं विचारलं.

"चाळीतला पोटमाळा बघितला आहेस ना? तिथं जमीन वर आलेली असते, पण छत आहे तिथेच असतं. यांच्या कानाचं तसं झालंय. ऐकू यायला लागतं ती पातळी वर सरकली. सहन होत नाही ती पातळी मात्र तुझ्या-माझ्याइतकीच आहे. उभं राहायला जागा कमी. तू आवाज चढवलास की डोकं छताला लागतं."

मग त्या पुन्हा आबांकडे वळल्या. गाव कुठलं, मुंबईत कधी आलात, साचे किती सांभाळायचात. आबांनी एकेका प्रश्नाला नीट उत्तर दिलं. पाटण तालुका. १९६७ साली आलो. चार साचे. एकदाही "आं?" म्हटलं नाही. निखिल चकित झाला. बाईंचा आवाज तर त्याच्या आवाजापेक्षा बारीक होता.

"तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय," मॅडम हसून म्हणाल्या.

"साचेखात्यात कुनाला ऐकू येतंय?" आबा एकदम रंगात आले. शेकडो साच्यांचे धोटे एकदम आपटत असताना माणसाच्या गळ्याला काय किंमत! धागा तुटला, धोट्यातली कांडी संपली, जॉबर येतोय, जेवणाची सुट्टी झाली, सगळं हातांनी आणि तोंडानं. पलीकडच्या रांगेतला गडी नुसते ओठ हलवायचा आणि इकडे कळायचं. आबांनी खुर्चीतच दोन बोटं फिरवून 'कांडी संपली' करून दाखवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आबांची त्या खात्यात पंधरा वर्षं झाली होती. साचे थांबले, पुन्हा सुरू झाले नाहीत. पण ओठ वाचायची सवय तशीच राहिली होती. घरात तिचा उपयोग व्हायचा तर बोलणाऱ्यानं तोंड वर करायला हवं होतं, आणि निखिल आबांशी बोलायचा तो फोनमध्ये बघत.

मॅडमनी श्रवणयंत्राचं माप घेतलं. ते येईपर्यंत फोनवर काय करता येईल, तेही सांगितलं. आवाज वाढवण्याऐवजी निवडून वाढवायचा. गूगलचं साउंड अ‍ॅम्प्लिफायर बारीक आवाज उचलतं आणि मोठ्यांना तितकं चढू देत नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करायचा, म्हणजे ज्या कानाला कमी येतं त्या बाजूचं बोलणं दुसऱ्या कानालाही मिळतं. इक्वलायझरमध्ये खालच्या पट्ट्या उतरवायच्या.

निघताना त्यांनी निखिलच्या गळ्यातल्या नेकबँडकडे बोट दाखवलं. "आणि तू कितीवर ऐकतोस?"

"पूर्ण. लोकलमध्ये नाही तर काही कळत नाही."

"साच्यांचा कोलाहल शंभर डेसिबलच्या आसपास जायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याचा आहे. ८० डेसिबल असेल तर ४० तास, ९० असेल तर ४ तास, १०० असेल तर जेमतेम २० मिनिटं. आजोबांना पोटासाठी तिथं उभं राहावं लागलं. तुझ्यावर अशी सक्ती कुणाची आहे?"

निखिल काही बोलला नाही. परतीच्या गाडीत नेकबँड त्यानं पिशवीत ठेवला. करी रोड येईपर्यंत तो आबांकडे तोंड करून बसला आणि धोट्याच्या, कांडीच्या, जॉबरच्या खुणा पुन्हा पुन्हा करून घेत राहिला.

त्या रात्री दोघं फोन घेऊन बसले. इक्वलायझरच्या पाच उभ्या पट्ट्या. निखिलनं ६० आणि २३० च्या पट्ट्या खाली ओढल्या, ३६०० ची हळूहळू वर न्यायला सुरुवात केली आणि दर खेपेला आबांच्या तोंडाकडे बघितलं. "आता?" "अजून." "आता?" आबांनी हात वर केला, गिरणीत साचा थांबवायला सांगावा तसा. पायऱ्यांवरचा आकडा पंधरावरून आठवर आला होता. आबांनी पूर्ण बातमीपत्र ऐकलं आणि पाणीकपात कुठल्या वॉर्डात आहे ते स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सांगून आले. पिंपं भरून ठेवायला हवीत म्हणाले.

राहिला होता गावाकडचा फोन. पाटणला आबांची थोरली बहीण, अक्का. तिच्याशी बोलणं आबांनी जवळजवळ सोडलंच होतं, कारण नुसत्या फोनवर चेहरा नसतो. रविवारी निखिलनं व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर पांढरे केस आणि एक कुडी दिसली. अक्कानं सवयीनं फोन कानाला लावला होता.

"अक्का, कान नको दाखवू," आबा म्हणाले, "तोंड दाखव!"

पडदा हलला, छपराची कौलं दिसली, मग अक्काचं बोळकं तोंड नीट मधोमध आलं. "दिसतंय का रं?"

"दिसतंय. आता हळू बोल. भात कसा हाय औंदा?"